आठव्याची वीस

"हाम घराण्याच्या नोंदीची नक्कल पाहिजे. शिक्क्यासकट," असं म्हणत बाननं डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवायला गेला. मी घाईघाईनं त्याचा हात धरला.

"साहेब, तिथं नको. शेपट्या आहेत."

वर्तमानपत्र पसरून मी उंदरांच्या शेपट्या मोजत बसलो होतो. चौऱ्याहत्तर साली सरकारनं उंदरांविरुद्ध युद्ध पुकारलं होतं आणि आमच्या मंडळ कचेरीपुरता त्या युद्धाचा सरसेनापती मी होतो. घरटी पाच शेपट्या जमा करायच्या, असा हुकूम. शाळेची पोरं काडेपेटीत भरून आणायची, म्हाताऱ्या बायका फडक्यात गुंडाळून आणायच्या. काही बिलंदर लोक मुळ्याची शेंडी राखेत घोळवून द्यायचे, त्यामुळे एकेक शेपटी बोटांनी चाचपून बघावी लागे. माझ्या बायकोनं त्या दिवसांत मला स्वयंपाकघरात कशालाही हात लावू दिला नाही.

"कोणतं हाम घराणं?" शेजारच्या टेबलावरून हामनं विचारलं. "मंडळात तीन आहेत."

"तुमचंच हो, भाऊसाहेब. बाकी दोघांपैकी कुणाचा पोरगा सैन्यात अधिकारी व्हायला निघालाय?"

हाम किल-हो आमच्या कचेरीत कुटुंबांच्या नोंदवह्या सांभाळायचा. जन्म, लग्न, दत्तक, मृत्यू, मंडळातल्या नऊ हजार माणसांचं येणंजाणं त्याच्या हातून कागदावर उतरायचं. एकवीस वर्षं तो त्याच खुर्चीत बसत होता. बढतीसाठी कधी कुणाच्या पुढेपुढे केलं नाही, कधी कुणाशी भांडला नाही, दारू दोन प्याल्यांच्या वर घेतली नाही. त्याचं अक्षर मात्र छापल्यासारखं होतं. तेवढं सोडलं तर त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यालाही ते तसंच बरं वाटत असावं.

बान तालुक्याच्या पोलिस ठाण्यातून आला होता. लोकांच्या घरात कोण आहे, कोण होतं आणि कोण कुठं गेलं याची चौकशी करणं हे त्याचं काम. पण तो जन्मानं आमच्या शेजारच्या गावचा, त्यामुळे त्याला बघून लोक घाबरायचे तसे जेवायलाही बोलवायचे.

नक्कल नोंद-कारकुनानंच काढायची असते. त्यामुळे हामनं स्वतःच्या घराची वही स्वतःच कपाटातून काढली, टाकाला शाई लावली आणि लिहायला बसला. वीस मिनिटं तो लिहीत होता. बान खिडकीशी उभा राहून सिगारेट ओढत होता. मी शेपट्या मोजत होतो, पण आकडा सारखा चुकत होता.

बाननं कागद हातात घेऊन बोट फिरवत वाचला. "थोरला भाऊ, किल-सांग. मयत."

"हो."

"पन्नास साली, ऑक्टोबरच्या एक तारखेला. राहत्या घरी."

"हो."

"बरं," बान म्हणाला. कागदाची घडी करून त्यानं खिशात घातली, आणि जाता जाता मला म्हणाला, "मेंगराव, त्या डाव्या बाजूच्या तीन मुळ्याच्या आहेत."

हामचा मुलगा इन-चोल तालुक्याच्या शाळेत पहिला यायचा. राजधानी सोलच्या लष्करी अकादमीची लेखी परीक्षा आमच्या तालुक्यातून बावीस पोरांनी दिली होती, पास दोनच झाले, त्यातला एक हा. तिथं शिकायला पैसे पडत नाहीत, जेवण, कपडे सगळं सरकारचं, आणि चार वर्षांनी खांद्यावर पट्टी. कारकुनाच्या पगारात दुसरं कुठलं कॉलेज परवडण्यासारखं नव्हतं. पण लेखी परीक्षेनंतर घराची चौकशी व्हायची, मग शरीर तपासायचे, मग मुलाखत, आणि सरतेशेवटी वर्ष संपता संपता निकाल. यातल्या चौकशीला सगळे घाबरत. ज्याच्या घरातला कुणी युद्धाच्या वेळी उत्तरेकडे, कम्युनिस्टांकडे गेला, त्याच्या घरातल्या पोराच्या हातात सरकार बंदूक देत नसे. अकादमीच काय, अशा घरातल्या माणसाला पोस्टात तिकिटं विकायचीसुद्धा नोकरी मिळायची मारामार होती.

आणि किल-सांग राहत्या घरी वारला नव्हता. हे हामला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि गावातल्या चाळिशीच्या वरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

पन्नास सालच्या शरद ऋतूत उत्तरेचं सैन्य माघारी पळालं तेव्हा जाताना गावातली सात तरुण पोरं त्यांच्याबरोबर गेली. किल-सांग वीस वर्षांचा होता. त्याला ओढून नेलं की तो आपण होऊन गेला, हे कुणी सांगू शकत नाही. मी तेव्हा मळ्यातल्या सुरणाच्या... खरं सांगायचं तर मी रताळ्यांच्या खड्ड्यात लपून बसलो होतो, मला काहीच दिसलं नाही. सातातला एकही परत आला नाही आणि एकाचंही प्रेत सापडलं नाही.

युद्धात कचेरी जळाली, तिच्याबरोबर वह्याही जळाल्या. त्रेपन्न साली सगळ्या वह्या नव्यानं लिहायच्या ठरल्या, आणि अक्षर चांगलं म्हणून वीस वर्षांच्या हामला नोकरीवर घेतलं. लोक येऊन तोंडानं सांगायचे, तो लिहायचा. त्याच्या वडिलांनी एक दिवस येऊन सांगितलं, "थोरल्याच्या पुढे मयत लिही." तारीख कोणती, असं त्यानं विचारलं. वडील म्हणाले, "तो गेला तीच." मुलगा कारकून आणि बाप सांगणारा, साक्षीदार म्हणून मीच होतो. त्या पानावरची शाई सगळ्या वहीत एकसारखी आहे, कुठं हात थरथरल्याचं दिसत नाही.

त्याच्या आईला हे पुढे सहा वर्षांनी कळलं. त्यानंतर वर्षभर ती किल-होशी एक शब्द बोलली नाही. ती मरेपर्यंत रोज रात्रीच्या जेवणातला एक वाडगा भात झाकून उबदार रजईखाली ठेवायची. थोरला आला तर त्याला गार भात नको. सकाळी तोच भात सगळे खायचे. इन-चोल त्या भातावरच वाढला म्हणायला हरकत नाही.

ती गेल्यावर हामपुढे प्रश्न पडला की भावाला आता पान वाढायचं की नाही. वाढायचं तर कधी? नोंदीतल्या तारखेला, म्हणजे जुन्या पंचांगाप्रमाणे आठव्या महिन्याच्या वीस तारखेला, श्राद्ध घातलं असतं तर कागद आणि घर यांचा मेळ बसला असता. मी त्याला तसं सुचवलंही होतं. तो म्हणाला, "अरे मेंग, वहीत लिहिलं ते लिहिलं. पण धूप लावून, वाकून, तोंडानं त्याला सांगू की तू आज मेलास? पितर म्हणजे काय कचेरी आहे?"

म्हणून तो नवव्या महिन्याच्या नवमीला पान वाढायला लागला. ज्यांच्या मरणाची तिथी ठाऊक नाही त्यांना आमच्याकडे नवमीला सकाळी नव्या तांदळाचा भात वाढतात. गेला असेल तर पोचेल, नसेल गेला तर त्याला काही लागत नाही, असा तो दिवस. युद्धानंतर आमच्या मंडळात नवमीला दर तिसऱ्या घरातून धुपाचा वास यायचा. कुणी कुणाला विचारायचं नाही.

त्या वर्षीही बान नक्कल घेऊन गेला त्याच्या आठवडाभरानं नवमी झाली. हामनं नेहमीसारखी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. नोंदीत तारीख वेगळी आहे हे त्याच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी इन-चोल मुलाखत देऊन सोलहून आला तेव्हा बाजाराचा दिवस होता. हाम आणि मी बसस्टँडसमोरच्या खानावळीत बसलो होतो. पोरगं आत आलं ते हसतच. त्याच्यासाठी भात घातलेलं गरम सूप मागवलं. त्यानं मुळ्याच्या लोणच्याचा, किमचीचा, एक तुकडा तोंडात टाकला आणि सुरू झाला.

"काका, डोळे, दात, कान, सगळं नंबर एक. धावण्यात माझ्यापुढे दोघंच होते. आणि मुलाखतीला तिघं बसले होते, तिघांच्या छातीवर ही एवढी पदकं. मी बिलकूल घाबरलो नाही."

"काय विचारलं?" मी म्हणालो.

"शाळेचं विचारलं, बाबांच्या नोकरीचं विचारलं. मग मधले साहेब म्हणाले, तुझे थोरले काका युद्धात वारले का? मी म्हणालो, हो साहेब. तर म्हणाले, त्यांची आठवण ठेवतोस का? मी म्हणालो, साहेब, दरवर्षी नवव्याच्या नवमीला मी बाबांच्या शेजारी उभा राहून त्यांना वाकून नमस्कार करतो, एकदाही चुकवलेला नाही." त्यानं आमच्या दोघांकडे पाहिलं. "त्यांना आवडलं असणार. कोपऱ्यातल्यानं लगेच लिहून घेतलं."

हामचा चमचा वाडग्यात तसाच राहिला. मी काही तरी बोलायचं म्हणून खानावळवालीला आणखी मुळा आण म्हणून ओरडलो.

"चुकलं का काही, बाबा?"

"नाही," हाम म्हणाला. "सूप गार होतंय. खा."

पोरगं खायला लागलं. त्याला अठरावं वर्ष होतं आणि आपल्या काकाचं मरण घरात का बोललं जात नाही हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. न सांगितल्यानं तो सुखरूप राहील असं हामला वाटत आलं होतं. मलाही तसंच वाटायचं, त्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

तिथून वाट बघणं सुरू झालं. गावाची वाट बघणं वेगळं आणि हामचं वेगळं. गाव मजेत होतं. न्हाव्यानं इन-चोलला 'कर्नलसाहेब' म्हणायला सुरुवात केली होती. मुख्याध्यापकांनी शाळेच्या फाटकावर लावायला कापडी फलकाचं माप घेऊन ठेवलं होतं. आमचे मंडळप्रमुख रोज सकाळी हामला विचारायचे, "काय भाऊसाहेब, आलं का पत्र? आमची शिफारस लागली तर सांगा." त्यांच्या शिफारशीनं गावात विजेचा एक खांबसुद्धा आला नव्हता.

पोस्टमन अकराच्या सुमाराला यायचा. पावणेअकरा झाले की हाम टाक खाली ठेवायचा आणि टाकाचं टोक फडक्यानं पुसत बसायचा. पोस्टमन येऊन गेला की पुन्हा लिहायला लागायचा. तेवढ्या वेळात कुणी दाखला मागायला आलं तर त्याला थांबावं लागे. एकवीस वर्षांत हामनं कुणाला थांबवल्याचं मी पाहिलं नव्हतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्याकडे हिवाळ्याची किमची घालायची होती, म्हणून माझी बायको मदतीला गेली आणि तिला आणायला मी गेलो. इन-चोलची आई अंगणात कोबीच्या ढिगापुढे बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत मिरचीनं लाल. ती मला बाजूला बोलावून म्हणाली, "भावजी, परवा त्याचा वाढदिवस झाला. वाढदिवसाचं समुद्री शेवाळ्याचं सूप मी केलं नाही. गुळगुळीत असतं ना, खाल्लं की माणूस परीक्षेत घसरतो म्हणतात. पोराला बारा महिन्यांतून एकदा मिळतं तेही दिलं नाही. त्याच्या बाबांना म्हटलं तर म्हणाले, दे किंवा नको देऊस, काही फरक पडत नाही. असं का बोलले ते?"

"दमलाय तो," मी म्हणालो.

"दमलेत ते मला दिसतंय. घाबरलेत का, ते विचारतेय."

मी कोबीचा एक गड्डा उचलून तिच्यापुढे सरकवला. तिला सगळं ठाऊक होतं. सासूबाईंचा भात रजईखालून रोज सकाळी तीच काढायची. फक्त पोरानं मुलाखतीत काय सांगितलं तेवढं तिला माहीत नव्हतं आणि ते मी सांगणार नव्हतो.

नाताळच्या आधी दोन दिवस खूप बर्फ पडला. मंडळप्रमुख तालुक्याला गेले होते. कचेरीत हाम, मी आणि शेगडीवर उकळणारी किटली. बान आत आला, बूट आपटून बर्फ झटकलं आणि हामच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसला. या वेळी त्यानं टोपी काढली नाही.

"भाऊसाहेब, तुमच्या पोराला एवढं बोलायला कुणी सांगितलं होतं?"

बाननं खिशातून कागद काढून टेबलावर ठेवला.

"फेरचौकशी. उमेदवारानं थोरल्या काकाचं श्राद्ध नवव्याच्या नवमीला होतं असं सांगितलं. नोंदीत मात्र मृत्यूची तारीख आहे. तरी खुलासा व्हावा. खाली तीन सह्या आहेत. तिघंही याच देशातली माणसं, त्यांच्याही घरी नवमी असते. त्यांना काय कळत नाही होय?"

"माझी चूक आहे," हाम म्हणाला.

"चूक कुणाची ते मी विचारलेलं नाही. मी विचारणार, तुम्ही सांगणार आणि मी लिहिणार. एकदाच विचारणार." बाननं पेनचं टोपण काढलं. "तुमच्या थोरल्या भावाचं श्राद्ध कधी असतं?"

किटलीचं झाकण वाजत होतं. मी उठून ती उतरवायला हवी होती, पण मी हललो नाही. हाम खिडकीकडे बघत होता. नवमी म्हटली असती तर पोराचं सगळं तिथंच संपलं असतं, शिवाय खोट्या नोंदीबद्दल त्याची नोकरी गेली असती आणि साक्षीदार म्हणून माझीही. हे सगळं त्याच्या डोक्यात आलं असेलच. पण त्याच्या तोंडाकडे बघून मला वाटलं की तो नोकरीचा विचार करत नव्हता. चोवीस वर्षं त्यानं एक गोष्ट तोंडानं उच्चारली नव्हती आणि ती आता उच्चारावी लागणार होती.

"आठव्याची वीस," तो म्हणाला.

"ऐकू येईल असं."

"आठव्या महिन्याची वीस तारीख."

बाननं लिहिलं. "मग पोरानं नवमी का सांगितली?"

हाम नुसता ओठ हलवत होता. मी कुठून बोललो मलाच कळलं नाही. "साहेब, नवमीला त्यांच्याकडे आजोबांच्या धाकट्या भावाचं असतं. जपान्यांच्या काळात मंचुरियात गेले ते परत आलेच नाहीत. पोरगं तिघा साहेबांपुढे गोंधळलं."

बाननं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आजोबांना धाकटा भाऊ होता?"

"जुन्या वहीत होता. जळाली ती."

"आणि वीस तारखेला यांच्याकडे पान वाढलेलं तुम्ही बघितलंय?"

"दरवर्षी जेवायला असतो मी."

"मग या, शिक्का मारा."

मी आधी हात धुतले. साबण लावून धुतले. मग लाल शाईत माझा सहीचा शिक्का बुडवून माझ्या नावापुढे उमटवला. एकवीस वर्षांपूर्वी त्याच घराच्या खोट्याला मी असाच शिक्का दिला होता, आणि खरं सांगतो, दोन्ही वेळा मला काही वाटलं नाही. भीती मात्र वाटली.

बाननं कागद नीट वाळू दिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आता ऐका. हे वरचे लोक एकदा संशय आला की सोडत नाहीत. पोरगं नोकरीत असेपर्यंत कुणीही, कधीही येऊन गावात विचारेल. पुढच्या वर्षापासून वीस तारखेला तुमच्या घरात सगळे दिवे लागले पाहिजेत. शेजारी जेवून गेले पाहिजेत. आणि मंचुरिया कागदापुरता ठीक आहे, पण नवमीचा धूप दिसला की लोक थोरल्याचंच नाव काढतील, तेव्हा नवमीला तुमच्या घरातून धुपाचा वास येता कामा नये."

"किती वर्षं?" हामनं विचारलं.

"तो जनरल होऊन निवृत्त होईपर्यंत," बान म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला. कुणी साथ दिली नाही तेव्हा त्यानं कागद खिशात घातला.

मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. कॉलर वर करून तो बर्फात उतरला आणि मागं न बघता म्हणाला, "आमच्याकडे नवमीला दोन पानं असतात, मेंगराव. एक माझ्या सख्ख्या काकाचं."

त्यानंतरचे सतरा दिवस सगळ्यांत वाईट गेले. कागद गेला एवढंच माहीत होतं. तिथं बसलेल्या तिघांना मंचुरियातला आजोबांचा भाऊ पटला की नाही, कळायला मार्ग नव्हता. हामनं या काळात मला एकदाच विचारलं, "पत्ता नीट लिहिला होता ना रे बाननं?" मी म्हणालो, सरकारी टपाल आहे, पत्ता कशाला चुकतोय. त्याला कचेरीच्या कामाबद्दल असा प्रश्न मी कधी विचारला असता तर तो माझ्याकडे बघत राहिला असता.

नऊ जानेवारीला पोस्टमन सव्वादहालाच आला. तो सायकलवरून ओरडतच आला, त्यामुळे पाकीट फोडायच्या आधी अर्ध्या बाजाराला निकाल कळला होता. इन-चोलची निवड झाली होती. मंडळप्रमुख बाहेर येऊन हामचे दोन्ही हात धरून हलवायला लागले. मी शेपट्यांचा ढीग तसाच टाकून उठलो आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

हामनं पत्र वाचलं. घडी करून आतल्या खिशात ठेवलं. मग परत खुर्चीत बसला, एका मुलीच्या जन्माची नोंद अर्धी राहिली होती ती पुरी केली, टीपकागद फिरवला आणि टोपी घेतली. "मी घरी जाऊन सांगतो," तो म्हणाला. दारापर्यंत तो नीट चालत गेला. पुढे कचेरीच्या पायऱ्यांवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. आनंदानं बसलाय असं सगळ्यांना वाटलं. आनंद होताच. माझ्या मुलीच्या लग्नातही झाला नाही, एवढा मला त्या दिवशी झाला.

फेब्रुवारीत इन-चोल गेला. बसस्टँडवर सगळी शाळा आली होती. बस सुरू झाली तेव्हा हाम पुढे झाला आणि खिडकीतून त्याचा हात धरून म्हणाला, "तुझ्या काकांचं श्राद्ध कधी असतं, कुणी विचारलं तर आठव्याची वीस."

"पण बाबा, आपण तर..."

"आठव्याची वीस."

पोरगं बापाच्या तोंडाकडे बघत राहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. खानावळीत आपण काय बोललो होतो ते त्याला तिथं, त्या खिडकीत कळलं असावं. "हो," तो म्हणाला. बस गेली, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या.

शरद ऋतूत आठव्याची वीस आली. हामनं गावातल्या अकरा घरांना बोलावणं केलं. संध्याकाळी मी गेलो तेव्हा अंगणात, ओट्यावर, स्वयंपाकघरात सगळीकडे दिवे लागले होते. पाटावर नव्या फळांची रास, भात, मासे, मागे कागदावर हामच्या त्या छापील अक्षरात लिहिलेलं भावाचं नाव. हामनं प्याला ओतला, दोनदा वाकला. दुसऱ्यांदा वाकला तो कपाळ जमिनीला टेकवून तसाच राहिला. आम्ही मागे उभे होतो. कुणीतरी खोकलं, तेव्हा तो उठला.

नंतर सगळे जेवायला बसले. दारू फिरली. शेजारचा म्हातारा दोन प्याल्यांनी रंगात येऊन म्हणाला, "अरे किल-हो, थोरला वीस तारखेला गेला होता होय? मला तर वाटायचं की त्या दिवशी तो आणि बाकीची पोरं..." त्याच्या बायकोनं त्याच्या पानात मोठं धिरडं टाकलं. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, आमच्या सगळ्यांकडे पाहिलं आणि धिरडं खायला लागला. मग सगळ्यांनीच भाताच्या यंदाच्या पिकाबद्दल बोलायला सुरुवात केली.

पाणी प्यायला म्हणून मी स्वयंपाकघरात गेलो. इन-चोलची आई चुलीपाशी पाठ करून बसली होती. "भावजी," ती म्हणाली, "इतकी वर्षं नवमीला पान वाढलं, कधी डोळ्यांत पाणी आलं नाही. आज थांबतच नाही बघा." मलाही ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं, पण पुरुषमाणूस म्हणून मी पाणी पिऊन बाहेर आलो.

अठरा दिवसांनी नवमी होती. सोमवार होता. नवमीला आमच्या कचेरीत दुपारपर्यंत कुणी फारसं नसतं, ज्याचं त्याचं घरचं असतं. माझ्या बायकोच्या भावाचं आमच्याकडे असतं, ते आटोपून मी साडेदहाला पोचलो. रस्त्यानं येताना घराघरांतून धुपाचा वास येत होता.

हाम जागेवर होता. शेगडी पेटवलेली, वह्या काढून ठेवलेल्या. एवढ्या वर्षांत या दिवशी सकाळी त्याला कचेरीत बघायची मला सवय नव्हती, त्यामुळे तोंडातून निघून गेलं, "अरे, तू आज इथं?"

त्यानं टाक शाईत बुडवला, दौतीच्या काठाला निथळू दिला.

"आमच्याकडे आज कुणाचं नसतं," तो म्हणाला.

मी माझ्या जागेवर जाऊन बसलो. थोड्या वेळानं एक बाई मुलाच्या शाळेसाठी दाखला मागायला आली, मग आणखी दोघं आले. हामनं कुणाला थांबवलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यानं अकरा नकला लिहून दिल्या. एकीतही खाडाखोड नव्हती.